महागडे क्लब आणि मराठवाड्यातली ओस मैदाने

मराठवाड्यातल्या मोठ्या शहरांभोवती प्लॉटिंगच्या जाहिरातींबरोबर आता क्लबच्या जाहिरातीही दिसू लागल्या आहेत. तरणतलाव, टेनिस आणि बॅडमिंटनची कोर्टे, व्यायामशाळा, मुलांसाठी क्रिकेटची नेट, शेजारी सभागृह आणि उपाहारगृह, आणि या सगळ्याच्या वर ठळक अक्षरांत ‘मर्यादित सदस्यत्व’. मुंबई-पुण्यात जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, ते आता छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर या शहरांत रुजू पाहत आहे. स्वतःचा पैसा कोणी कशावर खर्च करावा हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही, आणि घाम गाळण्यासाठी कोणी पैसे मोजत असेल तर त्यात गैर काहीच नाही. माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. हे क्लब ज्या वर्गाला सदस्य करून घेतात, तोच वर्ग शहराच्या सार्वजनिक मैदानासाठी भांडू शकणारा असतो, आणि तो कुंपणाच्या आत गेला की बाहेरच्या मैदानाला वाली उरत नाही. म्हणून हा प्रश्न श्रीमंतांच्या हौसेचा आहे असे समजून सोडून देता येत नाही. तो आपल्या शहरांच्या कारभाराचा प्रश्न आहे.

या बाजारात नेमके काय विकले जाते ते आधी पाहिले पाहिजे. परत न मिळणारे प्रवेशशुल्क, त्यावर दरवर्षीची वर्गणी, काही ठिकाणी वर्षभरात अमुक इतका खर्च उपाहारगृहात केलाच पाहिजे अशी अट, पाहुणा आणला तर त्याचे वेगळे शुल्क, आणि जुन्या क्लबांत याच्याही आधी एक सूचक व एक अनुमोदक सदस्य शोधणे, समितीपुढे मुलाखत आणि मग वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या पूर्ण सदस्यत्वासाठी लोक काही दशके थांबतात. अर्थशास्त्रज्ञ जेम्स ब्यूकॅनन यांनी १९६५ मध्ये क्लबच्या अर्थकारणाची जी मांडणी केली, तिचा गाभा सरळ आहे. तलाव किंवा कोर्ट एकट्याने बांधणे परवडत नाही, सर्वांना खुले ठेवले तर गर्दी होते, म्हणून काही जणांनी मिळून खर्च वाटून घ्यावा आणि संख्या बेताची ठेवावी. इथपर्यंत कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही. गल्लीतल्या दहा घरांनी मिळून बोअर घेतला तरी हिशेब हाच असतो. पण महागड्या क्लबचे शुल्क या हिशेबात बसत नाही. तलावातली गर्दी टाळायला जेवढी किंमत पुरेशी आहे, त्याच्या कितीतरी पट किंमत घेतली जाते आणि ती आनंदाने दिली जाते. दुसरे एक अर्थशास्त्रज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७० च्या दशकात काही वस्तूंचे एक वैशिष्ट्य दाखवून दिले होते: ती वस्तू इतरांकडे नाही यातच तिचे मोल असते, आणि ती सर्वांना मिळाली की ते मोल संपते. महागड्या क्लबचे सदस्यत्व याच जातीचे आहे. तिथे पोहण्याचे पाणी महापालिकेच्या तलावातल्या पाण्यासारखेच असते. सदस्य पैसे मोजतो ते शेजारी कोण पोहत असेल याच्या खात्रीसाठी.

हे एकदा लक्षात घेतले की या धंद्याचे पुढचे वळणही समजते. जिथे निवड विकायची असते तिथे खेळ हळूहळू निमित्तमात्र होतो, आणि जमीन, बांधकाम व ओळखीपाळखी हा खरा व्यवसाय बनतो. अमेरिकेत मोंटाना राज्यातला यलोस्टोन क्लब हा याचा टोकाचा नमुना आहे. बर्फावरच्या स्कीइंगचा हा खासगी डोंगर अतिश्रीमंतांसाठी १९९० च्या दशकाच्या शेवटी उभा राहिला, आणि सदस्य व्हायचे तर तिथे मालमत्ता घ्यावी लागे. २००५ मध्ये क्लबच्या नावावर ३७.५ कोटी डॉलरचे कर्ज घेण्यात आले, त्यातला मोठा वाटा मालकाच्या इतर व्यवहारांकडे वळवला गेला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये क्लबने दिवाळखोरीचा अर्ज केला. जगातल्या सर्वांत सावध गुंतवणूकदारांना जे कळले नाही, ते जालन्याच्या व्यापाऱ्याला किंवा परभणीच्या निवृत्त प्राध्यापकाला रंगीत माहितीपत्रकावरून कळेल अशी अपेक्षा करता येत नाही. ‘फाउंडर मेंबर’ होण्याची अखेरची संधी म्हणून जे पैसे आगाऊ घेतले जातात, त्यांवरच पुष्कळदा बांधकाम उभे राहायचे असते. प्लॉट किंवा सदनिका घेणाऱ्याला निदान महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नोंदणीचा आधार आहे. नुसते सदस्यत्व घेणाऱ्याला तसे कवच नाही, त्याच्यासाठी ग्राहक आयोगाचे दार तेवढे उरते. आगाऊ घेतलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन अशा प्रकल्पांवर असले पाहिजे असे मला वाटते. तरी हा मुद्दा सदस्यांच्या हिताचा आहे, आणि माझी मुख्य चिंता सदस्य नसलेल्यांची आहे.

खेळ आणि क्लब यांचे नाते आपल्याकडे सुरुवातीपासून असेच अडखळत आले आहे. १८७५ साली स्थापन झालेली बॉम्बे जिमखाना ही युरोपीयांची संस्था होती आणि कित्येक दशके हिंदी माणसाला तिथे सदस्य म्हणून प्रवेश नव्हता. भारतातला पहिला कसोटी सामना १९३३ साली त्याच मैदानावर झाला, ही बाब त्या काळाबद्दल पुष्कळ काही सांगून जाते. हिंदी आणि युरोपीय दोघांनाही सदस्यत्व देणारा विलिंग्डन क्लब मुंबईत १९१८ साली निघाला, तोही तेव्हाच्या गव्हर्नरने मनावर घेतले म्हणून. हिंदी समाजाने स्वतःचे जिमखाने काढले तेही धर्मानुसार: पारशी, इस्लाम, हिंदू.

या सगळ्या इतिहासात एका माणसाची कहाणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पळवणकर बाळू हे पुण्याच्या युरोपीय क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याच्या कामावर होते. साहेबांना फलंदाजीचा सराव हवा असे, म्हणून त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करायला लावत. त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाकडून खेळताना, ते चर्मकार समाजातले म्हणून, त्यांना चहा मैदानाबाहेर मातीच्या भांड्यात मिळे. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत दिले गेले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ मध्ये. क्लबमुळे बाळू घडले असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे, कारण चेंडू, खेळपट्टी आणि समोर चांगला फलंदाज त्यांना तिथेच मिळाला. पण ते तिथे नोकर म्हणून होते. ज्या व्यवस्थेत गुणवान मुलाला खेळपट्टीपर्यंत पोहोचायला आधी रोलर ओढावा लागतो, ती व्यवस्था किती गुण वाया घालवत असेल याचा अंदाज या एका उदाहरणावरून करावा.

हे सारे इंग्रजांबरोबर गेले, असे म्हणावे तर तसेही नाही. २०१४ मध्ये चेन्नईत क्रिकेट संघटनेच्या क्लबात धोतर नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पोशाखाचा नियम दाखवून आत घेतले नाही, तेव्हा तमिळनाडूच्या विधानसभेला त्याच वर्षी पोशाखबंदीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१७ मध्ये दिल्लीच्या गोल्फ क्लबात मेघालयातली एक स्त्री निमंत्रित पाहुणी म्हणून जेवायला बसली होती; तिच्या अंगावर खासी समाजाचा पारंपरिक जैनसेम होता, आणि तो मोलकरणीचा पोशाख वाटतो असे सांगून तिला उठवण्यात आले. धोतर, पटका आणि नऊवारी हा आजही मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांचा पोशाख आहे. उद्या आपल्याकडच्या एखाद्या क्लबात सदस्य असलेल्या डॉक्टरांचे गावाकडून आलेले वडील दारावर अडवले गेले, तर त्यांच्यासाठी कोणता कायदा आहे? महाराष्ट्रात तसा कायदा करायला फारसा खर्च येणार नाही, आणि तो प्रसंग घडण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.

राज्यघटनेचे म्हणाल तर तिच्या १५ व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड या संदर्भात फार मोलाचा आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची सार्वजनिक ठिकाणे येथे मज्जाव करता येणार नाही, आणि राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते व सार्वजनिक वापराच्या जागांबाबतही तसे करता येणार नाही, असे तो सांगतो. घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावा, पैसे घेऊन सेवा देणारा कोणीही त्यात येतो, असे स्पष्ट केले होते. दुसऱ्या बाजूला संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्यही घटनेनेच १९ व्या अनुच्छेदात दिले आहे, आणि आपल्यात कोणाला घ्यायचे हे ठरवण्याची मुभा त्या स्वातंत्र्यात येते. म्हणजे जातीची चाळणी लावणाऱ्या धंदेवाईक क्लबविरुद्ध न्यायालयात जाता येईल. पण पैशाच्या चाळणीविरुद्ध कोणताही अनुच्छेद उभा राहत नाही. आणि आपल्या समाजात पैसा कोणाकडे साठला आहे याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. क्लबच्या नियमावलीत जात कुठेही लिहावी लागत नाही. शुल्काचा आकडा आणि सूचक-अनुमोदकाची अट ते काम परस्पर करतात.

म्हणून खासगी जमिनीवर, खासगी पैशातून, स्वतःच्या पाण्यावर चालणाऱ्या क्लबला मी बंदी मागत नाही. मात्र यातले एक जरी सार्वजनिक असेल तर चित्र पूर्ण बदलते. दिल्ली जिमखाना क्लबला सफदरजंग रस्त्यावरची २७.३ एकर सरकारी जमीन मिळालेली आहे. खेळाला उत्तेजन हा उद्देश सांगणाऱ्या संस्थेने सदस्यत्व मूठभर घराण्यांत फिरते ठेवले, असा आरोप केंद्र सरकारने केला, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने सरकारला तिथे संचालक नेमण्याची परवानगी दिली. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, आणि २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचा निर्णय व्हायला २०२४ उजाडले. या दोन्ही प्रकरणांतून आपण घ्यायचा बोध हा की एकदा पट्ट्याने गेलेली जमीन परत आणायला पिढ्या जातात. मराठवाड्यात अजून ती फारशी गेलेली नाही. इथे धोका निराळ्या वाटेने येतो. विकास आराखड्यातले मैदानाचे आरक्षण मुदतीत संपादन न झाल्याने उठते. गावाचे गायरान शहराच्या हद्दीत येते आणि त्यावर नजरा वळतात. पालिकेचा बंद पडलेला तलाव ‘देखभाल परवडत नाही’ म्हणून ठेकेदाराला चालवायला दिला जातो आणि वर्षभरात त्याचे शुल्क तिप्पट होते. कागदावर मालकी सार्वजनिकच राहते, पण दारावरचा माणूस बदललेला असतो. गायरानासारख्या सामायिक जमिनी खासगी वापराकडे जाऊ देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २०११ मध्ये सर्व राज्यांना बजावले आहे. त्या निकालाची प्रत प्रत्येक नगरपालिकेच्या नगररचना विभागात असायला हवी.

पाण्याचे तर सांगायलाच नको. मराठवाड्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही दोन पावसांत महिना महिना खंड पाडणारा. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. तेव्हा अनेकांनी असा युक्तिवाद केला की मैदानावर मारलेले पाणी वाचवले तरी ते लातूरला थोडेच पोहोचणार आहे. व्यवहाराच्या दृष्टीने तो बरोबरही होता. पण न्यायालयाने जे तत्त्व अधोरेखित केले ते मराठवाड्याने विसरता कामा नये: टंचाईत पाण्याचा क्रम ठरलेला असतो, आणि हिरवळीचा नंबर त्यात शेवटी लागतो. अठरा होलच्या गोल्फ मैदानाला शंभर ते दोनशे एकर जमीन लागते आणि ती बारा महिने हिरवी ठेवावी लागते. जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर असून ज्या संभाजीनगरात नळाला काही-काही दिवसांआड पाणी येते, तिथे अशा प्रकल्पाला पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही देता कामा नये. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर कोणी हिरवळ राखत असेल तर त्याने ती खुशाल राखावी, मात्र त्याच्या बोअरवर मीटर असावा आणि त्याचे वाचन सर्वांना पाहता यावे.

आता कुंपणाबाहेर काय चालते ते पाहू. मराठवाड्यातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या गावी पहाटे पाचच्या सुमारास मोठ्या मैदानावर जावे. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी आधीच आलेली असतात. फक्कीने आखलेली, पावसाने अर्धी पुसलेली वर्तुळे. मोबाइलवर वेळ धरणारा, स्वतः दोनदा भरतीत मागे पडलेला कोणी मोठा मुलगा. सात किलो दोनशे साठ ग्रॅमचा एकच गोळा आणि त्याच्यासाठी लागलेली रांग. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, दोघांनाही शंभर मीटर आणि गोळाफेक, एवढ्यावर त्यांच्या घराचे पुढचे तीस वर्षांचे गणित बसलेले असते. कोणी अनवाणी धावतो, कोणी दोन नंबर मोठ्या बुटात चिंध्या कोंबून. मैदानावर प्रदर्शन किंवा सभा असली, म्हणजे मांडवाच्या खड्ड्यांत पाय मुरगळायच्या भीतीने सगळी झुंड महामार्गाच्या कडेला जाते आणि ट्रकच्या दिव्यांत धावते. पोरींपुढची अडचण याहून मोठी असते, कारण मैदानाजवळ स्वच्छतागृह असले तरी त्याला कुलूप असते आणि अंधार फटफटेपर्यंत घरचे सोडत नाहीत. या मुलांना तरणतलाव नको आहे. त्यांना चारशे मीटरची सपाट धावपट्टी, दोन दिवे, एक नळ आणि सभेसाठी खणले न जाणारे मैदान हवे आहे.

राज्याच्या क्रीडा धोरणात विभाग, जिल्हा आणि तालुका पातळीवर क्रीडा संकुले उभारण्याची योजना दोन दशकांहून जुनी आहे. कुठे ती चांगली चालतात. संभाजीनगरचे विभागीय संकुल आणि विद्यापीठाच्या परिसरातले भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र यांनी खेळाडू दिले आहेत. पण अनेक तालुक्यांत संकुल म्हणजे एक फलक, एक संरक्षक भिंत आणि आत माजलेल्या वेड्या बाभळी. प्रशिक्षकाचे पद रिक्त, आणि हॉलची चावी कोणाकडे आहे हे विचारायला गेले तर तीन कार्यालये फिरावी लागतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान आवश्यक ठरवले आहे. शिकवण्यांच्या लातुरात चार मजली इमारतींमध्ये जी हजारो मुले दिवस काढतात, त्यांच्यापैकी कितींनी गेल्या महिन्यात मातीला पाय लावला असेल?

आणि तरीही या भूमीने खेळाडू दिले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जात असे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसचे (अडथळ्यांच्या शर्यतीचे) रौप्यपदक घेतले आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक आणले. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधवने २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात भारताचा ध्वज धरला. बीडच्या सचिन धसने त्याच वर्षी एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढल्या. यांपैकी कोणीही महागड्या क्लबच्या दारातून आलेले नाही.

मात्र या नावांचा उपयोग ‘जिद्द असली की सगळे मिळते’ असे सांगण्यासाठी जेव्हा केला जातो, तेव्हा मला चीड येते. साबळेला धावपटू बनवले ते लष्कराने. आधी सैनिक म्हणून भरती, मग तिथल्या क्रॉस कंट्रीच्या संघात जागा, मग आहार, प्रशिक्षक आणि डॉक्टर, सगळे सार्वजनिक पैशातून. जो भरतीत अर्ध्या सेकंदाने मागे राहिला आणि ऊसतोडीला गेला, त्याचे नाव आपल्याला कधी कळत नाही. एका साबळेमागे असे किती राहून गेले हा प्रश्न विचारायचा सोडून आपण त्याच्या गरिबीचे कौतुक करत बसतो.

आपल्याकडे सामूहिक खर्चाने खेळ चालवण्याची स्वतःची एक रीत होती, आणि ती अजून पूर्ण मेलेली नाही. तालीम ही एका अर्थाने क्लबच आहे. गावाने जागा दिलेली, आखाड्याच्या तांबड्या मातीत हळद, तेल, ताक पडलेले, वस्तादाच्या शब्दाबाहेर कोणी नाही, आणि ज्याच्या घरी दुभते आहे त्याने गरीब पोराच्या खुराकाला दूध द्यायचे. जत्रेच्या फडात हलगी वाजली की इनामाचा पैसा गावातूनच उभा राहतो. हरिश्चंद्र बिराजदार, काका पवार ही लातूर जिल्ह्याने दिलेली नावे याच मातीतली. तालमीला मी सोन्याने मढवू इच्छित नाही; मुलींना तिने कित्येक पिढ्या दाराबाहेर ठेवले, आणि कोणत्या गल्लीची तालीम कोणत्या समाजाची हे गावात सर्वांना माहीत असे. पण एक गोष्ट तिच्यात होती जी महागड्या क्लबात नसते. गावातल्या मातब्बराचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा एकाच मातीत लोळत, आणि म्हणून आखाड्याचे छप्पर गळले तर ते मातब्बरालाही लागत असे.

माझ्या सगळ्या युक्तिवादाचा कणा हा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांचे काय झाले ते मराठवाड्याने डोळ्यांनी पाहिले आहे. तहसीलदाराची, डॉक्टरांची, गुरुजींचीही मुले जोवर त्या शाळेत होती तोवर गळक्या खोलीबद्दल कोणीतरी सभेत उभे राहून बोलत होते. ती मुले इंग्रजी शाळांत गेली आणि तो आवाज गेला. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्येच दाखवून दिले होते की एखादी संस्था ढासळू लागली की जे सर्वांत जागरूक आणि ऐपतवाले असतात ते आधी बाहेर पडतात, आणि नेमके तेच तिला सुधारू शकले असते. मैदानांच्या बाबतीत आपण त्याच वळणावर उभे आहोत. क्रीडा संकुलाच्या समितीला जाब विचारू शकेल, वर्तमानपत्रात पत्र लिहील, पालकमंत्र्यांना भेटून जिल्हा नियोजनातून निधी आणील असा माणूस आज पहाटे चालायला त्याच मैदानावर येतो. उद्या तो क्लबच्या हिरवळीवर चालेल. त्याचा राग संपेल, आणि त्याच्या रागाशिवाय फाइल हलत नाही हे आपल्याकडचे उघड वास्तव आहे. राज्याचे क्रीडा विद्यापीठ संभाजीनगरजवळच्या करोडीला होणार असे आधी जाहीर झाले आणि २०२० मध्ये ते पुण्याच्या बालेवाडीला मंजूर झाले. संभाजीनगरात तेव्हा ओरड झाली, पण ती टिकली नाही.

क्लबच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र मला खरोखर वजनदार वाटतो, आणि तो स्त्रियांकडून येतो. सार्वजनिक तलावावर कपडे बदलायला नीट खोली नाही, मैदानावर टोमणे, संध्याकाळी अंधार. पोहायला, खेळायला मिळाले ते क्लब झाला तेव्हाच, असे सांगणाऱ्या अनेक जणी आहेत आणि त्या खोटे बोलत नाहीत. तासावर भाड्याने मिळणाऱ्या टर्फनेही लहान शहरांतल्या मुलांना रात्रीच्या दिव्यांत खेळायची सोय करून दिली, हे मान्य केले पाहिजे, जरी तासाचे पैसे दहा जणांत वाटून न परवडणारी मुले जाळीबाहेर उभी राहून बघताना दिसतात. पण या युक्तिवादाने क्लबची गरज सिद्ध होत नाही. सार्वजनिक मैदानाची उणीव सिद्ध होते. क्लबातल्या स्त्रीला जे मिळाले ते प्रकाश, कुलूप नसलेले स्वच्छतागृह, एक महिला प्रशिक्षक आणि दारावर जबाबदार माणूस एवढेच आहे. यातली एकही गोष्ट नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरची नाही.

तेव्हा मागणी अशी असावी. ज्या क्लबला सरकारी किंवा निमसरकारी जमीन, सवलतीचा भाडेपट्टा, वाढीव चटईक्षेत्र किंवा पालिकेचे पाणी यांतले काहीही मिळते, त्याने आठवड्यातले ठरावीक तास शाळांना आणि जिल्हा संघांना विनाशुल्क द्यावेत, हे करारात लिहिलेले असावे, आणि त्या तासांचे वेळापत्रक दारावर मराठीत लावलेले असावे. करार मोडला तर पट्टा आपोआप संपावा. त्यासाठी महालक्ष्मी रेसकोर्ससारखी पुन्हा अकरा वर्षे लागू नयेत. अशा क्लबकडून येणारा पट्ट्याचा पैसा पालिकेच्या सर्वसाधारण खात्यात न जाता त्याच शहराच्या मैदानांच्या नावे जमा व्हावा. क्रीडा संकुलांच्या समित्यांवर खेळाडू आणि पालक यांना जागा मिळावी, त्यांचा जमाखर्च दरवर्षी फलकावर लागावा, आणि मैदान सभा-प्रदर्शनांना देण्यावर वर्षाकाठी दिवसांची कमाल मर्यादा असावी, मग अर्ज कोणत्याही पक्षाचा असो.

आणि ज्यांनी सदस्यत्व घेतले आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्याकडे माझे मागणे आहे. तुमच्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, अभियंते आहेत, शिकवण्यांचे संचालक आहेत. जिल्हाधिकारी तुमचा फोन उचलतात. आपल्या तालुक्याच्या संकुलाला दिवे कधी लागणार, प्रशिक्षकाचे रिक्त पद कधी भरणार आणि स्वच्छतागृहाची चावी कोणाकडे आहे, हे तीन प्रश्न येत्या भरतीच्या आधी त्यांना लेखी विचारा, आणि उत्तर आले नाही तर पुन्हा विचारा.